१९७० ची जीटीओ आणि तिचा नवीन एक्झॉस्ट: एका गाडीची पूर्ण केस

मसल कारचा, म्हणजे मोठ्या ताकदवान इंजिनाच्या जुन्या अमेरिकन गाडीचा, एक्झॉस्ट बदलायचा म्हटलं की बहुतेक लोक आधी मोबाईलवर आवाजाचे व्हिडिओ बघत बसतात. इथे पण सुरुवात तशीच झाली होती. ही केस लिहितोय ती एवढ्यासाठी की शेवटी जे बसवलं ते व्हिडिओ बघून ठरलं नाही, गाडी खरोखर कुठल्या रस्त्यावर किती वेगाने आणि किती वेळ चालते ते कागदावर लिहिल्यावर ठरलं, आणि तरीही एक गोष्ट राहिलीच. नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत, गाडीचे आकडे आहेत तसे ठेवलेत.

पार्श्वभूमी

गाडी १९७० ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. ४०० क्युबिक इंचाचं म्हणजे साधारण ६.६ लिटरचं व्ही-८ (आठ सिलेंडरचं) इंजिन, तीन गिअरचा टर्बो ४०० ऑटोमॅटिक, मागे ३.२३ गुणोत्तराचा अ‍ॅक्सल. मालक डेट्रॉईटच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहणारे मराठी गृहस्थ, नव्वदच्या दशकात पुण्याहून आलेले, गाड्यांच्या वायरिंगचं डिझाईन करण्यात सगळी नोकरी गेली. त्यांना इथे दादा म्हणू. मी त्याच धंद्यातला, त्यांच्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान, गॅरेजमध्ये टॉर्च धरायला आणि सल्ला द्यायला कायम हजर.

डेट्रॉईटमध्ये राहून जुनी पॉन्टिअ‍ॅक घेणं म्हणजे इथल्या मातीतलीच वस्तू घेणं. पॉन्टिअ‍ॅक नावाचं गाव वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूच्या उत्तर टोकाला आहे, कंपनीचं नाव त्या गावावरूनच, आणि १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्याच वुडवर्डवर ड्रीम क्रूझ भरते, हजारो जुन्या गाड्या आणि रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली माणसं. ब्रँड २०१० मध्ये बंद झाला पण त्या दिवशी बघाल तर वाटणार नाही.

दादांनी गाडी घेतल्यावर पीएचएसकडून, म्हणजे पॉन्टिअ‍ॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून, मूळ बिलाची प्रत मागवली. त्यावरून कळलं की गाडी साध्या ४०० इंजिनची, कंपनीच्या तेव्हाच्या हिशोबाने ३५० हॉर्सपॉवर, रॅम एअर (कंपनीचं जास्त ताकदीचं इंजिन ऑप्शन) नाही, कुठलंही दुर्मिळ ऑप्शन नाही. म्हणजे चांगली, पण म्युझियममध्ये ठेवावी अशी नाही. ही गोष्ट पुढे निर्णयात फार उपयोगी पडली म्हणून सांगतोय. शिवाय मूळचे ओतीव लोखंडाचे मॅनिफोल्ड, म्हणजे सिलेंडरमधून निघणारा धूर गोळा करून पाईपात सोडणारे भाग, आधीच्या कुठल्यातरी मालकाने काढून फेकले होते आणि त्यांच्या जागी स्वस्तातले लाँग ट्यूब हेडर, म्हणजे प्रत्येक सिलेंडरला वेगळी लांब पातळ नळी असलेले, लावले होते, त्यांना वेल्ड करून दोन इंची पाईप आणि त्यावर दोन बुटके ग्लासपॅक मफलर. ग्लासपॅक म्हणजे भोकं पाडलेली सरळ नळी आणि भोवती काचेच्या लोकरीचा थर. ती लोकर कधीच जळून उडून गेली होती, नुसते डबे राहिले होते.

अडचण काय होती

आवाज मोठा होता हे सगळ्यांना माहीतच होतं, त्याचं कुणाला फार वाईट वाटत नव्हतं. खरी सुरुवात झाली वहिनींच्या डोकेदुखीने. गाडीतून तासभर फिरून आलं की डोकं जड, मळमळ, आणि घरी आल्यावर तासाभरात बरं. दादा म्हणाले पेट्रोलचा वास सहन होत नाही तिला. वहिनी म्हणाल्या, "अहो, वास तर मला पहिल्यापासून आवडतो, हे काहीतरी वेगळंय."

वेगळं होतंच. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास, आणि १९७० च्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही (अमेरिकेत ते १९७५ च्या मॉडेलपासून सर्रास आले) म्हणजे जे बाहेर पडतं ते कच्चंच. घरातला अलार्म गाडीत ठेवून बघितला तर तो गप्प. त्यावर दादा निश्चिंत झाले होते, पण घरगुती अलार्मचं अमेरिकन मानक असं आहे की ७० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) असेल तर तो एक ते चार तासांत कधीतरी वाजेल, त्याहून कमीला वाजेलच असं नाही. म्हणून कमी पातळीपासून आकडा दाखवणारा मीटर आणला. खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवून हायवेला ३० ते ४० पीपीएम. इथल्या पर्यावरण खात्याची बाहेरच्या हवेची मर्यादा एका तासाला ३५ आणि आठ तासांच्या सरासरीला ९ आहे, त्या हिशोबात बघा.

गाडी लिफ्टवर चढवल्यावर गळत्या सापडल्या. पॉन्टिअ‍ॅकच्या या डी-पोर्ट हेडमध्ये (हेड म्हणजे सिलेंडरांवरचं झाकण, त्यातली धूर निघायची भोकं म्हणजे पोर्ट इंग्रजी डी च्या आकाराची) मधली दोन एक्झॉस्ट पोर्ट एकमेकांना अगदी चिकटून असतात, एका बाजूला ३ आणि ५ नंबरच्या सिलेंडरची, दुसऱ्या बाजूला ४ आणि ६ ची, तिथे गॅस्केटला धरायला जागाच कमी, आणि पातळ फ्लँजचा हेडर तापून वाकला की पहिली गळती तिथे. दोन्ही बाजूंना काजळीचे फटकारे दिसत होते. शिवाय उजव्या मफलरच्या पोटाला बोट जाईल एवढं भोक, आणि सगळ्यात वाईट म्हणजे टेलपाईप अ‍ॅक्सलच्या पुढेच तोडून खाली वळवलेले. गाडी पळते तेव्हा मागच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो, गाडीच्या पोटाखाली सोडलेला धूर तिथे घोटाळत राहतो आणि डिकीच्या जमिनीतले रबरी बूच गेले असतील (तीन गेले होते) तर सरळ आत येतो.

बाकी किरकोळ तक्रारी पण होत्या. हेडरचे कलेक्टर (सगळ्या नळ्या एकत्र येतात तो भाग) इतके खाली की प्रत्येक स्पीड ब्रेकरला घासायचे, मिशिगनच्या खड्ड्यांबद्दल तर बोलायलाच नको, एक प्लग वायर वितळलेली, आणि गरम इंजिन बंद करून पेट्रोल भरलं की स्टार्टर फिरायलाच तयार नाही कारण हेडरची नळी त्याला खेटून जाते.

पहिला निर्णय: गाडी उभी करायची

इथे दादांचं कौतुक करायला हवं. ऑगस्ट तोंडावर होता, ड्रीम क्रूझ दोन आठवड्यांवर, मुलाने मित्रांना सांगून ठेवलेलं, आणि एका शॉपवाल्याने सांगितलं की भोकावर पत्रा मारून देतो, क्रूझ उरकून घ्या मग बघू. पत्रा मारून मफलरचं भोक बंद झालं असतं, हेडची गळती आणि कापलेले टेलपाईप तसेच राहिले असते. त्यांनी नाही म्हटलं, त्या वर्षी खुर्ची घेऊन रस्त्याच्या कडेला बसले. घाई गेल्यामुळे पुढची निवड शांतपणे झाली, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

निवडीआधी काय लिहून काढलं

व्हिडिओ बघणं चालूच होतं. मुलगा एक दाखवायचा, दादा दुसरा, आणि सगळ्या व्हिडिओत एकच प्रकार, गाडी उभी, माईक टेलपाईपपाशी, आयडलला गुरगुर आणि मग दोन वेळा अ‍ॅक्सिलरेटर. मी म्हटलं, "दादा, तुम्ही गाडीच्या मागे बसून चालवणार आहात का?" ते जरा चिडले पण मुद्दा पोचला. मग कागद घेतला.

गाडी वर्षाला हजार-दीड हजार मैल चालते. त्यातलं बहुतेक ताशी ४५ मैलांच्या आसपास वेगाने उपनगरी रस्त्यांवर, थोडा हायवे. ३.२३ चा अ‍ॅक्सल आणि साडेसव्वीस इंची टायर धरले तर ४७-४८ मैलांना इंजिन २००० आरपीएमला (मिनिटाला २००० फेऱ्या) असतं, ६५ ला २७०० च्या थोडं वर, ओव्हरड्राईव्ह (हायवेला इंजिन हळू फिरवणारा जादा गिअर) नाही त्यामुळे त्याहून खाली येत नाही. म्हणजे दादांचा निम्मा वेळ बरोबर २००० च्या आसपास जाणार. व्ही-८ मध्ये प्रत्येक फेरीला चार स्फोट, तर २००० ला सेकंदाला १३३, म्हणजे १३३ हर्ट्झ. लोक ज्याला ड्रोन म्हणतात ती घुमणारी गूंज नेमकी १८०० ते २४०० च्या पट्ट्यात येते आणि पत्र्याची मोठी केबिन तिला साथ देते. बंद खोलीत एकाच ढोलावर एकच ठोका तासभर ऐकल्यासारखं, बाहेर उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ता पण नसतो.

दुसरं लिहिलं ते पाईपच्या मापाचं. एक जुना थंबरूल आहे की एका हॉर्सपॉवरला मिनिटाला साधारण २.२ घनफूट वायू लागतो आणि सरळ पाईपातून दर चौरस इंचाला ११५ घनफूट आरामात जातो. सव्वादोन इंची दोन पाईप धरले (आतलं माप जरा कमी) तर ३७० हॉर्सपॉवरपर्यंत पुरतात, अडीच इंची ४६० पर्यंत, तीन इंची पावणेसातशेपर्यंत. आणि ही ३५० सुद्धा ग्रॉस, म्हणजे इंजिन टेस्ट बेंचवर, एअर फिल्टर-मफलर वगैरे लोढणी काढून मोजलेली. १९७२ पासून सगळ्यांनी नेट, म्हणजे ही लोढणी लावून मोजलेले, आकडे छापायला घेतले आणि ते एकदम उतरले ते काही फक्त इंजिनं कमजोर झाली म्हणून नाही. तेव्हा तीन इंची पाईप या गाडीला लावणं म्हणजे फक्त जागेची मारामारी आणि जमिनीला घासणं.

तिसरं, जे कुणी सहसा लिहीत नाही, गाडी उभी कशी राहते. नोव्हेंबर ते एप्रिल गॅरेजमध्ये. आणि दादा दर रविवारी "तेल फिरू दे" म्हणून पाच-सात मिनिटं चालू करायचे. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, गरम पाईपातून ते वाफ होऊन जातं, पण मिशिगनच्या थंडीत पाच मिनिटांत मफलर तापतच नाही, सगळं पाणी आत साचतं, आणि त्यात अ‍ॅसिड. आधीचे मफलर आतून बाहेर सडले होते ते यामुळेच असणार. रस्त्यावरच्या मिठाला उगाच शिव्या दिल्या, गाडी हिवाळ्यात बाहेर निघतच नव्हती.

कोणते पर्याय समोर होते

पहिला, पूर्ण कंपनीसारखा. जुन्या पॉन्टिअ‍ॅकसाठी मूळ नमुन्याबरहुकूम पाईप वाकवून देणारे लोक अमेरिकेत आहेत, अगदी मूळच्या चिमटलेल्या बाकांसकट. त्याला मूळ मॅनिफोल्ड शोधून लावायचे, सव्वादोन इंची पाईप, बंद पोटाचे मफलर. शांत, टिकाऊ, क्लबच्या स्पर्धेत गुण कापले जात नाहीत. दादा स्पर्धेत उतरणार नव्हते, आणि कागदावर गाडी साधी आहे हे दिसत होतं, त्यामुळे चिमटलेल्या बाकांसाठी जास्त पैसे कशाला असा प्रश्न आला. तरी मला स्वतःला हा पर्याय लोक समजतात त्यापेक्षा चांगला वाटतो, ज्याला गाडी लांब न्यायची आहे त्याने आधी हाच बघावा.

दुसरा, मुलाचा. नवीन चांगले लाँग ट्यूब हेडर, तीन इंची पाईप, एक्स-पाईप (दोन्ही बाजूंचे पाईप मधे एक्ससारखे एकत्र जोडणारा) आणि सरळ आरपार मफलर. वरच्या आरपीएमला ताकद यात सगळ्यात जास्त मिळते हे खरं आहे. पण दादांची गाडी साडेचार हजाराच्या वर जाते कधी? शिवाय स्टार्टरची उष्णता, प्लग वायर, जमिनीपासूनचं अंतर आणि मधल्या पोर्टची गळती, म्हणजे ज्या तक्रारी घेऊन निघालो त्याच परत नवीन क्रोममध्ये.

तिसरा मधला. १९६० च्या शेवटाला पॉन्टिअ‍ॅकने स्वतः रॅम एअर गाड्यांसाठी जास्त मोकळे ओतीव मॅनिफोल्ड काढले होते, त्यांच्या नवीन ओतलेल्या प्रती डी-पोर्ट हेडसाठी मिळतात, अडीच इंची तोंडासकट. लोखंड जाड, वाकत नाही, गळत नाही, स्टार्टरपासून लांब राहतात, आणि साध्या मॅनिफोल्डपेक्षा वायू चांगला सुटतो. त्याला अडीच इंची मॅण्ड्रेल बेंड पाईप, म्हणजे वाकवताना आत दांडा घालून वाकवलेला, बाकात गोलाई न चिमटता.

चौथा, गल्लीतल्या मफलर शॉपमध्ये जाऊन मशीनवर तिथल्या तिथे वाकवून घेणं. सगळ्यात स्वस्त, पण त्या मशीनवर बाक चिमटतो, अडीच इंची पाईप अ‍ॅक्सलवरून जाताना दोन इंचीच्या जवळ येतो, मग माप निवडण्यात एवढा हिशोब करून उपयोग काय.

मुलाने पाचवं पण काढलं, इलेक्ट्रिक कटआउट, बटण दाबलं की मफलर टाळून धूर सरळ बाहेर. आणि त्याच्याकडे दाखला पण होता. १९७० च्या जीटीओला कंपनीनेच थोडे दिवस व्हीओई नावाचं ऑप्शन दिलं होतं, डॅशबोर्डखाली एक दांडी, ओढली की मफलरमधला अडथळा कमी होऊन आवाज मोकळा. त्याची टीव्ही जाहिरात आली आणि जनरल मोटर्समधल्या वरच्यांना ती झेपली नाही, ऑप्शन लगेच गुंडाळलं, थोड्याच गाड्या निघाल्या. गोष्ट मस्त आहे पण मिशिगनच्या कायद्यात मफलर सतत चालू स्थितीत हवा आणि कटआउट किंवा बायपास चालत नाही, हे दादांनी स्वतः वाचून त्याला दाखवलं आणि विषय संपवला.

काय ठरलं आणि का

तिसरा. पण त्यातही तीन पोटनिर्णय होते आणि वेळ त्यात गेला.

धातू: अ‍ॅल्युमिनाइज्ड स्टील स्वस्त, पण वेल्डपाशी आणि कापलेल्या टोकाला थर जातो. ४०९ स्टेनलेस मध्यम, वरून तांबूस होतं पण सडत नाही लवकर. ३०४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, जवळजवळ गंजतच नाही, महाग. वर्षाला हजार मैल आणि सहा महिने उभी, म्हणजे आतून गंज हाच मोठा शत्रू, तर ३०४ घेतलं असतं तरी वावगं नव्हतं. दादांनी ४०९ घेतलं आणि रविवारचा पाच मिनिटांचा कार्यक्रम बंद केला. हे गणित मला पटतं, सवय बदलणं फुकट होतं.

एच की एक्स, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाईप मधे कसे जोडायचे: पॉन्टिअ‍ॅकचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर ज्या क्रमाने पेटतात तो, १-८-४-३-६-५-७-२. विषम सिलेंडर डावीकडे, सम उजवीकडे. नीट बघा, ८ आणि ४ लागोपाठ उजवीकडेच, ५ आणि ७ लागोपाठ डावीकडेच. म्हणजे प्रत्येक बाजूच्या पाईपात स्फोट समान अंतराने येत नाहीत, अमेरिकन व्ही-८ चा तो अडखळत गुरगुरणारा आवाज यातूनच येतो. एच-पाईप दोन्ही बाजूंचा दाब थोडा सारखा करतो पण गुरगुर ठेवतो. एक्स-पाईप दोन्ही प्रवाह पूर्ण मिसळतो, आवाज गुळगुळीत आणि वरच्या पट्टीत जातो, नव्या स्पोर्ट्स कारसारखा. दादांना जुनी गाडी जुन्यासारखी ऐकायची होती. एच.

मफलर: इथे गडबड झाली. ठरलं होतं चेंबर असलेले, मधल्या आवाजाचे, लांब डब्याचे. ज्या शॉपला बसवायला दिलं त्यांनी सांगितलं १४ इंची डबा बसवायला सोपा आणि आवाजात फारसा फरक नाही, लांब डबा मागवायला आठवडे लागतील. वाट बघायची तयारी खरं तर होती, घाई कुणालाच नव्हती, तरी समोरचा माणूस आत्मविश्वासाने सांगतो म्हणून हो म्हटलं गेलं.

टेलपाईप मात्र अ‍ॅक्सलवरून मागच्या बंपरपर्यंत आणि टोक बंपरच्या थोडं बाहेर, यावर तडजोड नाही असं वहिनींनी शॉपवाल्याला स्वतः सांगितलं.

प्रत्यक्ष काम

जुने हेडर काढताना दोन बोल्ट हेडमध्येच तुटले, हे धरून चालायचं. तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करून, तापवून, तेल सोडून, हळूहळू मागेपुढे करत एक निघाला. दुसरा ड्रिल करून नवीन आटे घालावे लागले. मॅनिफोल्डची हेडकडची बाजू सपाट आहे का हे बसवायच्या आधी सरळ पट्टी धरून बघितलं, नवीन ओतीव भाग असला तरी बघायचं, मग हलकं मशीनिंग करून घेतलं.

मूळ गाडीला एका बाजूला हीट रायझर नावाची झडप असते, थंडीत गरम वायू इनटेककडे ढकलून चोक लवकर उघडायला. ती नाही लावली, जागी साधा स्पेसर. हिवाळ्यात गाडी चालतच नाही आणि ती झडप गंजून अर्धी बंद राहिली की एका बाजूचा एक्झॉस्ट गुदमरतो. किंमत एवढीच की सकाळी चोक जरा जास्त वेळ राहतो.

पाईप लावताना एक गोष्ट बघून घेतली जी बऱ्याच ठिकाणी चुकते. गाडी चॅसिसला धरून लिफ्टवर चढवली की मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबतो, त्या स्थितीत पाईप अ‍ॅक्सलवर भरपूर मोकळा दिसतो, सगळं आवळून टाकतात, आणि गाडी खाली उतरून दोन माणसं मागे बसली की पाईप अ‍ॅक्सलवर आपटतो. म्हणून गाडी चाकांवरच उभी राहते अशी लिफ्ट वापरायला सांगितली, सगळे क्लॅम्प ढिले ठेवून आधी पूर्ण सिस्टीम लटकवली, सगळीकडे निदान अर्धा इंच जागा बघितली, मग पुढून मागे आवळत गेले. क्लॅम्प पट्ट्याचे घेतले, यू-बोल्टवाले नाहीत. यू-बोल्ट पाईपला चिमटा काढतो आणि परत उघडायची वेळ आली की करवतच लागते. हे पुढे लगेचच कामी आलं.

डिकीचे बूच, डिकीच्या झाकणाचं रबर आणि फायरवॉलमधली भोकं हे सगळं त्याच वेळी केलं. शंभर डॉलरच्या आत झालं आणि एक्झॉस्टइतकंच महत्त्वाचं होतं. एका पाईपात ऑक्सिजन सेन्सरसाठी नट वेल्ड करून घेतला, त्यावरून कार्बोरेटरचं मिश्रण बघता आलं. क्वाड्राजेट, म्हणजे या गाडीचा कार्बोरेटर, एकसारख्या वेगाला थोडा पातळ (पेट्रोल कमी) जात होता, जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एक पायरी वाढवला, बस.

निकाल

मीटर घेऊन तोच हायवे, खिडक्या उघड्या, बंद, अर्ध्या, प्रत्येक प्रकारे. शून्य ते दोन पीपीएम, आणि ते दोन पण सिग्नलला पुढच्या ट्रकच्या मागे. वहिनींची डोकेदुखी गेली. स्टार्टर गरम असताना फिरतो, स्पीड ब्रेकरला काही घासत नाही. ताकद मोजली नाही, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या मशीनवर) पैसे घालायची दादांची इच्छा नव्हती. खालच्या वेगात गाडी आधीपेक्षा मोकळी वाटते असं ते म्हणतात. बाहेरून आवाज सुंदर, शेजारी येऊन सांगून गेला.

आणि मग ४७ मैलांना ड्रोन. पहिल्याच फेरीत. ५५ ला गेलं की गायब, ४० ला गायब, पण मधे बोलणं ऐकू येईना. मोबाईलवर आवाजाचं विश्लेषण करणारं अ‍ॅप लावलं तर १३० हर्ट्झच्या आसपास सरळ सुळका, म्हणजे कागदावर आधीच लिहून ठेवलेला आकडा.

आता परत तीन वाटा होत्या. मफलर बदलून लांब डब्याचे लावायचे, टेलपाईपात रेझोनेटर (गूंज कमी करणारे छोटे डबे) घालायचे, नाहीतर पाईपाला बाजूने एक बंद टोकाची नळी जोडायची जिला जे-पाईप म्हणतात. तिची लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या पाव एवढी ठेवली की आत जाऊन परत येणारी लहर मूळ लहरीला खाऊन टाकते. गरम वायूत आवाज वेगाने जातो त्यामुळे नुसतं हवेचं गणित चालत नाही, १३३ हर्ट्झला २८ ते ३२ इंच येतं, नळीतला वायू किती तापतो त्यावर. दादांना हे फार आवडलं, इंजिनिअर माणूस, दोन संध्याकाळ गणितं करत बसले. पण फ्रेमच्या आत तेवढी नळी मावायला एकाच बाजूला जागा होती. मग शेवटी सरळ मार्ग, १४ इंची डबे काढून मूळ ठरलेले लांब मफलर मागवले. पट्ट्याचे क्लॅम्प असल्यामुळे गॅरेजमध्येच जॅकस्टँडवर बदलून झाले, फक्त दोन जागी पाईप कापावा लागला. गूंज पूर्ण गेली नाही, पण आता ४७ ला खिडकी बंद करून गप्पा मारता येतात, रेडिओ लागतो. उरलेल्यासाठी एका बाजूला जे-पाईप लावावा का हा विषय अजून चालू आहे.

एकूण खर्च, मॅनिफोल्ड, पाईप, मजुरी, मशीनिंग आणि मफलरचा दुसरा जोड धरून, अडीच हजार डॉलरच्या थोडा वर गेला. त्यातले चारेकशे दुसऱ्या जोडाचे.

वेगळं काय करता आलं असतं

मफलरची गोष्ट उघडच आहे, पण नुसतं "लांब घ्यायला हवे होते" एवढ्यावर सोडू नये. निर्णय झाला होता, कागदावर कारण होतं, आणि तो शॉपच्या काउंटरवर बदलला. तिथे एकच प्रश्न विचारायचा होता, "२००० आरपीएमला आत बसून ऐकलंय का तुम्ही?" त्याने नाही म्हटलं असतं तर वाट बघितली असती. वर्क ऑर्डरवर मफलरचं माप आणि पार्ट नंबर लिहून सही घेतली असती तरी भागलं असतं.

मीटर फार उशिरा आला. डोकेदुखीच्या पहिल्या तक्रारीनंतर बराच काळ गाडी तशीच चालली, मुलगा मागच्या सीटवर बसायचा, म्हणजे डिकीच्या सगळ्यात जवळ. जुनी गाडी विकत घेताना, टायर बघता तसा मीटर लावून फेरी मारणं हे आता आमच्या ओळखीत जो कोणी जुनी गाडी बघायला जातो त्याला सांगतो, आणि मीटर उसना पण देतो.

पहिला पर्याय, कंपनीसारखा, तो जरा लवकर बाद केला असं दादांचं स्वतःचं मत झालंय. चिमटलेले बाक सोडले तर त्या सिस्टीमचा मफलर मोठा, आवाज मूळ गाडीच्या केबिनला धरून बसवलेला, आणि हिशोबाने सव्वादोन इंची पाईप या इंजिनला पुरतच होता. रॅम एअरसारखे मॅनिफोल्ड आणि मागे कंपनीच्या मापाचा शांत एक्झॉस्ट अशी मिसळ करता आली असती, ती कुणी मांडलीच नाही कारण सगळे पर्याय आम्ही पूर्ण सेट म्हणून बघत होतो. मुलाला हे अजिबात मान्य नाही, त्याच्या मते तशी गाडी क्रूझला कुणी वळून बघितली नसती.

जुने हेडर अजून गॅरेजच्या कोपऱ्यात आहेत. कुणी फुकट पण घेईना.